तांब्याची लाईट

आमच्याकडं लाईट म्हणजे वीज. ती जाते, येते, परत जाते, आणि तिच्या मर्जीवर कॉलेजातली प्रात्यक्षिकं, पाण्याची मोटर, झेरॉक्स सगळं चालतं. पण आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत या शब्दाला आणखी एक अर्थ होता आणि तो मामांनी रूढ केला होता. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. कॉलेजात सगळ्याच परिचरांना मामा म्हणतात. आमच्या विभागात ते एकटेच, त्यामुळं नावाची गरज पडत नाही. मी सकाळी येडशीहून एसटीनं येऊन खांद्यावरची पिशवी टेबलावर टेकवते न टेकवते तोच ते विचारायचे, "म्याडम, आली का लाईट?" डोक्यावर पंखा गरगरत असायचा. ते विजेचं विचारत नव्हते, माझ्या बाटलीचं विचारत होते.

मी उजेड देणारी तांब्याची संयुगं बनवते. निदान त्यांनी उजेड द्यावा म्हणून मी सात वर्षं त्यांच्या मागं लागले होते. हे पहिल्यांदा मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तांब्याची? पानी प्यायच्या तांब्याची?" मी म्हटलं, "तांबं, मामा. धातू." त्यावर ते हसले आणि म्हणाले, "मंग एकच की. तांब्या तरी कशाचा असतो." तेव्हापासून माझ्या संशोधनाचं नाव 'तांब्याची लाईट' पडलं. प्रबंधाच्या मुखपृष्ठावर जे नाव आहे ते तीन ओळींचं आहे आणि ते मलाही एका दमात म्हणता येत नाही.

खरं तर गोष्ट सोपी आहे. हल्लीच्या चांगल्या मोबाईलच्या पडद्यात मागं दिवा नसतो, पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. त्या ठिपक्यांत जे रसायन असतं त्यात मधोमध एक धातूचा अणू आणि भोवती त्याला धरून बसलेले सेंद्रिय रेणू असतात. हा धातू बहुतेक वेळा इरिडियम असतो, आणि इरिडियम पृथ्वीवर इतकं थोडं आहे की आमच्यासारख्यांनी त्याचं नावच काढू नये. म्हणून तांबं. पण तांब्याला एक खोड आहे. त्याला ऊर्जा दिली की ते उजेड द्यायचं सोडून आडवं होतं, चपटं होतं, आणि मिळालेली ऊर्जा नुसती उष्णता म्हणून घालवून बसतं. यावर उपाय असा की त्याच्या भोवती जाडजूड रेणू बसवायचे. एसटीच्या तिघांच्या बाकड्यावर दोन्ही बाजूंनी आडदांड माणसं बसली की मधल्याला कलंडायला जागा राहत नाही, तसं. कोणते रेणू किती जाड असावेत, कुठल्या बाजूनं बसवावेत, एवढंच माझं काम. एवढ्यात सात वर्षं गेली.

सात वर्षं म्हणजे काय ते सांगते. मी पूर्णवेळ शिकवते. सकाळी तासिका, दुपारी प्रात्यक्षिकं, मध्येच परीक्षा, पेपर तपासणं, मूल्यांकन समितीच्या फायली. उरलेल्या वेळात संशोधन. संयुग करायला घेतलं की हवा लागू द्यायची नाही, नाहीतर ते हिरवं पडतं आणि संपलं. नेमकं ढवळणं चालू असताना वीज जायची. आमचे मार्गदर्शक सर लांब विद्यापीठात; ते चांगले आहेत, पण त्यांच्याकडं माझ्यासारख्या पाचजणी. दोनदा मुदतवाढ घेतली. तिसरी दिली तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, ही शेवटची, पुढच्या दिवाळीच्या आत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि दहा संयुगं केली होती, दहाही मिणमिणती. यूव्ही दिव्याखाली धरली की आहे की नाही असा उजेड. तीन प्रकरणं त्यांच्यावर कशीबशी लिहून झाली होती. चौथं प्रकरण, ज्यात काहीतरी खरोखर उजळायला हवं होतं, ते कोरं होतं.

मग मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मी चार नवी संयुगं केली. पहिल्याला सगळ्यात जाडजूड रेणू लावले, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला आणखी कमी, चौथ्याला अगदी किरकोळ. तराजूच्या खोलीला खिडकीवर काळं कापड लावून आम्ही अंधार करतो. तिथं पहिल्या संयुगाचा थर दिलेली काचपट्टी दिव्याखाली धरली आणि ती पोपटी पिवळी उजळली. नुसती मिणमिणली नाही, माझ्या बोटांवर उजेड पडला. मामा दाराशी उभे होते. मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आली की ओ म्याडम." मला रडू आलं. अंधार होता म्हणून बरं झालं.

दुसरं संयुग त्याहून थोडं कमी उजळलं, तिसरं आणखी कमी, चौथं जेमतेम. म्हणजे मी जे मांडलं होतं तेच: जितके जाड रेणू, तितका उजेड जास्त. मी आलेख काढला. चार ठिपके आणि त्यांतून जाणारी रेघ, इतकी सरळ की पट्टीनं मारल्यासारखी. सरांना पाठवला. त्यांचा फोन आला, ते म्हणाले, "तुम्ही सुटलात." त्या आठवड्यात मी एसटीत झोपले नाही. येडशीपर्यंत खिडकीतून रामलिंगचं रान बघत बसले. रेल्वेत गँगमन म्हणून नोकरी केलेल्या माझ्या वडिलांना, जे मला कधीच काही विचारत नाहीत, मी आपणहून सांगितलं की काम होत आलं आहे. त्यांनी मान हलवली आणि रेडिओचा आवाज कमी केला.

एक तपासणी राहिली होती. दिवा विझवल्यावर उजेड किती वेळ रेंगाळतो ते मोजायचं असतं. धातूमुळं आलेला उजेड जरा रेंगाळतो. आपल्या डोळ्यांना कळत नाही, पण यंत्राला कळतं. ते यंत्र विद्यापीठात. मी चारही नमुने स्वतः घेऊन गेले. उन्हाळ्यात निकाल आला. उजेड रेंगाळतच नव्हता. जितका वेळ टिकायला हवा त्याच्या हजाराव्या भागातच तो विझत होता. मी सरांना फोनवर आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "हा तांब्याचा उजेड नाही. कुठलं तरी सेंद्रिय द्रव्य मिसळलंय. अगदी थोडं असेल, पण ते उजळतंय. कुठून आलं ते शोधा."

मी शोधलं. महिनाभर शोधलं, आणि त्या महिन्यात मी कुणाशी धड बोलले नाही. घरी आमटीत मीठ नाही एवढं कुणी म्हटलं तरी अंगावर धावून जायचे. सगळी रसायनं एकेक करून दिव्याखाली धरली. सगळी काळीठिक्कर. मामा रोज काचेची भांडी धुऊन, वाळवून आणून द्यायचे आणि बाहेर जाताना विचारायचे, "सापडलं का?" मी नकारार्थी मान हलवायची.

एके दुपारी मी तराजूच्या खोलीत अंधार करून बसले होते. जेवणाची सुट्टी होती. मामांनी व्हरांड्यात बसून डबा खाल्ला होता. त्यांच्या घरून, तामलवाडीहून, सोमवारी येताना ते भाकरी आणि पिठलं आणतात. मला फ्लास्क हवा होता म्हणून मी हाक मारली. कापड बाजूला करून ते आत आले, फ्लास्क पुढं केला आणि त्यांची नखं दिव्याखाली आली. पाचही नखं उजळली होती. पोपटी पिवळी. माझ्या पहिल्या संयुगाचा तोच रंग, जो मी इतक्या वेळा पाहिला होता की झोपेतही ओळखला असता.

"मामा," मी म्हटलं, "जेवणात काय होतं?"

"पिटलं. का ओ?"

पिठल्यात हळद. हळद यूव्ही दिव्याखाली उजळते हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. पण माझ्या संयुगात हळद कुठून येणार? मी हाताला हातमोजे घातल्याशिवाय काही शिवत नाही. डबा मी दुसऱ्या खोलीत खाते. मी दिवा उचलला आणि माझं कपाट उघडून आत धरला. ज्यात मी संयुगं विरघळवते त्या द्रावकाच्या तपकिरी बाटलीच्या मानेवर, टोपण बसतं त्या आट्यांमध्ये, बारीक पिवळी रेघ उजळत होती. तिच्या खाली दोन बोटांचे अर्धवट पुसलेले ठसे. शेजारच्या बाटलीवर तसेच. कपाटाच्या फळीच्या कडेवर तर पुसलेलेही नव्हते, पाच बोटं स्पष्ट.

मी मामांकडं वळले. त्यांनाही ते दिसत होतं. 

आता हे सांगायला हवं. आमच्या कॉलेजात खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या वस्तूंची पूजा होते. तराजू, बर्नर, गॅसचं सिलिंडर, संगणक, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. ते काम मामांचं. आमचं घर बौद्ध, आजोबांच्या काळात दीक्षा घेतलेलं. त्या दिवशी मी सकाळची तासिका घेते आणि अकराच्या एसटीनं घरी जाते. दुसऱ्या दिवशी विहारात माझं काम असतं. आजवर मला कुणी थांबा म्हटलं नाही आणि मीही कधी कारण सांगितलं नाही. कपाटाला कुलूप लावते. एक किल्ली मामांकडं असते.

"म्याच लावली," मामा म्हणाले. "गेल्या खंडेनवमीला. तुमाला चालत न्हाय, म्हाईत हाय मला. धा वरसं तुमच्या कपाटाला हात लावला न्हाय म्या. पन तुमी लई थकला हुता. समद्यांच्या वस्तूंची पूजा हुती आन तुमचं एकलंच कपाट कुलपात. बरं दिसंना मला." थोडं थांबून म्हणाले, "नंतर पुसून काडली. आन त्याच्याच मागनं आली न्हवं लाईट?"

तेव्हा सगळं एकदम जागेवर बसलं. पहिलं संयुग करताना मी त्या बाटलीतून द्रावक ओतलं, ते मानेवरच्या हळदीवरून वाहत फ्लास्कात गेलं आणि हळद विरघळवून घेऊन गेलं. दुसऱ्या वेळी त्याहून कमी हळद उरली होती. तिसऱ्या वेळी त्याहून कमी. माझा आलेख, पट्टीनं मारल्यासारखी ती रेघ, रेणूंच्या जाडीची नव्हतीच. बाटली किती धुतली गेली त्याची ती रेघ होती.

मी म्हटलं, "हात धुऊन या."

एवढंच म्हटलं. आवाज जसा निघायला नको तसाच निघाला. मला राग आला होता, ते मी नाकारत नाही. मामा गेले, साबणानं हात धुऊन परत आले आणि खोलीत न येता दारातच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते प्रयोगशाळेत येण्याआधी हात धुवायचे. माझ्या टेबलाजवळ भांडी ठेवताना हात लांब करून ठेवायचे. आणि त्यांनी लाईटचं विचारणं बंद केलं.

आधी ते माझ्या लक्षातच आलं नाही. मी नवी सीलबंद बाटली मागवून चारही संयुगं पुन्हा करत होते. दिवाळीला तीन महिने उरले होते. पहिलं झालं, दिव्याखाली धरलं, काळं. दुसरं काळं. तिसरं काळं. चौथ्याच्या वेळी मी दिवासुद्धा लगेच लावला नाही, चहा प्यायले आणि मग लावला. काळं. मी खुर्चीवर बसून राहिले. वाईट वाटण्याइतकीही ताकद राहिली नव्हती. पाठ दुखत होती आणि घरी जावंसं वाटत होतं.

मनात दुसरी गोष्टही आली, ती लपवत नाही. आलेख माझ्याकडं होता. उजेडाचे आकडे खरे होते, माझ्याच हातानं मोजलेले. उजेड किती रेंगाळतो ते मोजलंच नाही असं धरलं तर कुणाला कळलं असतं? सर बोलले नसते बहुतेक. त्यांनाही मी एकदाची सुटावी असं वाटत होतं. दोन दिवस मी ते प्रकरण उघडून बसत होते. चार ठिपके आणि रेघ. तिसऱ्या दिवशी मला त्या आलेखात ठिपक्यांऐवजी मामांची बोटं दिसायला लागली आणि मी तो काढून टाकला. यात काही थोर नाही. ती रेघ बघून मला माझीच लाज वाटत होती, एवढंच.

प्रकरण पुन्हा लिहिलं. चार संयुगं केली, चारही उजळली नाहीत, आधी उजळल्यासारखी दिसली ती हळदीमुळं, आणि ती हळद कशी ओळखली. सरांनी वाचलं. ते म्हणाले, "नाव बदलता येणार नाही आता. नोंदणीच्या वेळी दिलंय तेच राहील." म्हणजे मुखपृष्ठावर 'उजेड देणारी संयुगं' आणि आत काळोख. आम्ही दोघंही फोनवर हसलो, मी थोडं जास्तच हसले. मग मी विचारलं की हे चालेल का. ते म्हणाले, बघू.

त्याच आठवड्यात लक्षात आलं की मला कुणी काही विचारत नाही. मी सकाळी पिशवी टेकवते आणि खोलीत नुसता पंखा फिरत असतो. मामा दारात उभे राहून "भांडी हितं ठिवू का" एवढंच म्हणतात. त्यांना वाटत होतं मला त्यांच्या पूजेचा विटाळ झाला. माझ्या आजीनं विटाळ हा शब्द आयुष्यभर ऐकला, तो दुसऱ्यांनी तिच्यासाठी वापरलेला. आणि आता माझ्यामुळं एक म्हातारा माणूस माझ्या टेबलाशी हात लांब करून उभा होता. मला फार लागलं ते. इतके दिवस न कळल्याचं जास्त लागलं.

पण खरं सांगायचं तर हेही सांगावं लागणार होतं की त्यांच्या हळदीनं माझं एक वर्ष गेलं. मी तीन दिवस टाळलं. मग जेवणाच्या सुट्टीत तराजूच्या खोलीचं कापड सोडलं, मामांना आत बोलावलं आणि चिमूटभर हळद टाकलेली द्रावकाची बाटली दिव्याखाली धरली. ती उजळली.

"ही तुमच्या हळदीची लाईट," मी म्हटलं.

त्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "आन मागं आली हुती ती?"

"तीही हीच होती. बाटलीच्या गळ्याला राहिली होती, ती आत गेली."

"म्हंजी तुमची न्हवती."

"माझी नव्हती."

ते सरळ झाले. माझ्याकडं पाहिलं नाही. मग अगदी पहिल्यासारखं, सकाळी विचारायचे तसं विचारलं, "आन मंग तुमची?"

मी चारही बाटल्या एकेक करून दिव्याखाली धरल्या. चारही काळ्याच राहिल्या. "नाही आली," मी म्हटलं. सात वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं, आणि म्हटल्यावर मला बरं वाटलं.

मामा म्हणाले, "म्या घालवली तुमची."

"घालवायला ती नव्हतीच, मामा. तुमची हळद होती म्हणून निदान काही दिवस तरी होती."

ते वळले. बाहेर पडताना माझ्या टेबलावरचा ओला फ्लास्क उचलून घेऊन गेले. हात लांब केला नाही.

यंदाची खंडेनवमी आली तेव्हा प्रबंध देऊन झाला होता, परीक्षकांकडून काही कळलं नव्हतं. अजूनही कळलेलं नाही. सकाळची तासिका घेऊन मी पिशवी उचलली. मामा ताट घेऊन उभे होते, झेंडू, हळद, कुंकू. कपाटाची किल्ली त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"म्याडम, औंदा इचारूनच," ते म्हणाले. "लावू का नगं?"

अकराची एसटी चुकेल म्हणून मी घड्याळाकडं पाहिलं. मग किल्ली उचलून पिशवीत टाकली.

"लावा," मी म्हटलं. "दाराला. बाहेरून."